ग्राउंड एकच होतं, वंदना

वंदना,

तुझ्या तेरवीच्या पंगतीत माझ्या शेजारचा माणूस म्हणाला, "बाई स्वभावानं लय गोड होती." मी मान खाली घालून वरणभात कालवत राहिलो. तू गोड नव्हतीस. अख्ख्या कॉलेजात माझ्याशी तुझ्याइतकं कोणी भांडलं नाही, आणि माझं तुझ्याइतकं कोणी ऐकूनही घेतलं नाही. पण हे पंगतीत कसं सांगणार? समोर तुझा भाऊच वरणाचा गंज घेऊन वाढत होता. "हो, गोड होती," असं म्हटलं आणि जेवलो.

ते गिळलेलं आता लिहितो आहे. आपलं भांडण अर्धं राहिलं, आणि तू गेल्यावर त्यात असं काही घडलं की ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन नाही.

आपल्या पवनीच्या कॉलेजात व्हॉलीबॉलच्या टीम दोन. मुलांची माझ्याकडे, मुलींची तुझ्याकडे. ग्राउंड मात्र एकच, इमारतीच्या मागे, वैनगंगेच्या अंगाला उतरत गेलेलं, आणि नेटही एकच. आपण दोघं इथेच शिकलो तेव्हा मुलींची टीम नव्हतीच. तू मागच्या भिंतीवर चेंडू मारत राहायचीस आणि आमच्यातला कोणी आला नाही की न विचारता त्याच्या जागी येऊन उभी राहायचीस. पुढे तूच मुलींची टीम उभी केलीस. तिला सकाळ मिळाली, मुलांना संध्याकाळ. पण सकाळ नावापुरतीच. निम्म्या मुली कोंढ्याकडच्या. एसटीतून उतरून त्या ग्राउंडवर पोचेपर्यंत पहिल्या तासाची घंटा व्हायला यायची.

यंदा पाऊस जरा उघडला तेव्हा तू माझ्या खोलीत आलीस आणि उभ्याउभ्याच बोलायला लागलीस.

"राजेश, माझ्या पोरी मोठ्या कॉलेजसमोर अंग चोरतात. जोराचा स्मॅश आला की तोंड फिरवतात. काहून, तं तसा चेंडू त्यायनं कधी पाहिलाच नाही. तुझे पोट्टे मारतीन, माझ्या पोरी उचलतीन. संध्याकाळी, एकाच वेळी, एकाच ग्राउंडवर."

"रस्त्यावरून सगळं दिसते, वंदना. लोक बोलतीन."

"लोक आताही बोलूनच राहिले. पोरी हाफपॅन्ट घालतात म्हणून बोलतात, उड्या मारतात म्हणून बोलतात. अजून एक बोलतीन."

मी नाही म्हटलं. दुसऱ्या दिवशीही नाही म्हटलं. तू स्टाफरूममध्ये, कँटीनमध्ये, पार्किंगमध्ये गाठून तेच विचारत राहिलीस. शेवटी म्हणालीस, "तुझे पोट्टे रिकाम्या ग्राउंडवर मारून मारून आंधळे झाले. समोर उचलणारं कोणी असलं तं जागा पाहून मारतीन." ते मात्र मला लागलं, कारण ते खरं होतं.

आणि ते जमलं, वंदना. सुरुवातीला मुली तोंड फिरवायच्या, मग डोळे मिटायच्या, मग नुसत्या दचकायच्या, आणि एक दिवस दचकणंही संपलं. सगळ्यांत आधी संपलं आचलचं. तुझ्याच गावची, कोंढ्याच्या मोरेश्वरभाऊंची मुलगी, अंगाने बारीक, कायम मागच्या रांगेत. चेंडू जिथे पडणार तिथे ती आधीच बसलेली असायची. माझा सगळ्यांत जोरात मारणारा प्रज्वल तिच्यावर चिडायचा. चिडून अजून जोरात मारायचा, आणि ती ते उचलायची. तू रेषेबाहेर उभी राहून माझ्याकडे बघायची नाहीस, आणि न बघताच हसायचीस.

त्या संध्याकाळी प्रज्वलने मारलेला चेंडू उचलायला आचल आडवी झेपावली आणि पाय मुरगळला. ती उठेना. तू धावलीस, मीही धावलो, पण नेटखालून सगळ्यांत आधी प्रज्वल पोचला. त्याने तिला दोन्ही हातांवर उचललं आणि माझ्या गाडीपर्यंत नेलं. तू मागे बसून तिला धरलंस आणि आपण दवाखान्यात गेलो. हाड शाबूत होतं, सूज होती. डॉक्टरने पट्टी बांधून दिली. तू आचलला घरी सोडून आलीस. दिवस संपला असं मला वाटलं.

पण रस्त्यावरून कोणीतरी व्हिडिओ घेतला होता. पाय मुरगळल्याचं त्यात नव्हतं. होतं ते एवढंच, एक मुलगा एका मुलीला उचलून नेतो आहे, आणि वर सिनेमाचं गाणं लावलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत ते कोंढ्यातल्या प्रत्येक फोनवर होतं.

संध्याकाळी ग्राउंडवर मोटरसायकली आल्या. आचलचा काका आणि त्याच्यासोबत गावातले काही तरणे लोक. एक गाडी थेट रेषेच्या आत येऊन थांबली. खेळ चालू होता. मी मुलांच्या बाजूला होतो, तू पलीकडे.

"तो पोट्टा कोन होय?" काका म्हणाला.

प्रज्वल स्वतःच पुढे झाला. "मी होय."

मी त्याच्याकडे निघालो. मला एवढंच दिसत होतं की त्या लोकांपैकी एकाने गाडीवरून उतरताना हातातलं कडं वर सरकवलं आहे. आता हात उठणार आणि मग काहीच आवरणार नाही, असं वाटलं. तेवढ्यात तुझा आवाज आला, नेहमी सराव घेतानाचा आवाज.

"प्रज्वल, जागेवर जा. तुझी सर्व्हिस आहे."

तो बघतच राहिला.

"जा म्हटलं ना." मग तू काकाकडे वळलीस. "भाऊ, गाडी पहिले लाइनीच्या बाहेर घ्या. पोरी खेळून राहिल्या."

त्याने गाडी घेतली नाही. तूही जागची हलली नाहीस. प्रज्वल मागे गेला आणि सर्व्हिस केली ती नेटमध्येच. कोणी हसलं नाही. मी पोरांना म्हटलं, कोणी जागा सोडायची नाही. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

"तुमी आमच्या पोरीले बाजारात बसवलं," काका म्हणाला.

"तिचा पाय पाहिला का तुम्ही?" तू विचारलंस.

"पायाचं काय काढून राहिली?"

"सूज उतरली का वाढली? तुम्ही काका आहात तिचे. सांगा ना."

तो सोबतच्या लोकांकडे बघायला लागला.

"व्हिडिओ पाहून आले तुम्ही, पाय पाहून नाही आले. ती पडली तेव्हा हा पोरगा धावला. तुमच्या गावच्या ज्या माणसानं फोन काढला, तो नाही धावला. त्याले विचारा आधी."

त्या लोकांपैकी एकाने हळूच गाडी मागे घेतली, रेषेच्या बाहेर. काका मात्र तुझ्याकडे बघत उभा होता. जाताना म्हणाला, "उद्यापासून आमच्या गावची एकही पोरगी येनार नाही. खेळा मंग."

दुसऱ्या दिवशी सकाळी आपण दोघं बस स्टँडवर जाऊन उभे राहिलो. कोंढ्याची एसटी आली. भाजीवाल्या उतरल्या, शाळेची मुलं उतरली, आपल्यापैकी कोणी नाही. उरलेल्या मुलींत टीम पुरी होत नव्हती. मोहाडीच्या कॉलेजात सामने तोंडावर आले होते. तू एसटी वळून जाईपर्यंत तिथेच उभी होतीस. मग म्हणालीस, "चाल, मोरेश्वरभाऊंकडे."

कोंढ्याचा तो रस्ता तुझ्या माहेरचा. दोन्ही बाजूंना धान पोटरीला आला होता, लोंबी फुटायच्या बेतात. एरवी तू गाडीवर मागे बसून कोणाच्या बांधीत धानाला रोग पडला, कोणाचं शेत कोणी घेतलं ते सांगत यायचीस. त्या दिवशी एक शब्द बोलली नाहीस. मी मनात बोलणं जुळवत होतो. व्हिडिओ खोटा कसा, आपण मागे का हटायचं नाही, मुलींनी काय कमावलं. सगळं तयार होतं माझ्याकडे.

मोरेश्वरभाऊ अंगणात होते. उंच, हळू बोलणारा माणूस. आचल आत होती. दाराच्या फटीतून बाजेवर टेकवलेला तिचा पट्टी बांधलेला पाय दिसत होता. आचलच्या आईने चहा आणून ठेवला. कोणी कप उचलला नाही.

"वंदना, तू गावची लेक होस," ते म्हणाले. "म्हनून बसा म्हनलं. दुसरं कोनी असतं तं फाटकातूनच वापस पाठवलं असतं."

"माहीत आहे, भाऊ."

"पोरीची चूक नाही हे मले समजते. त्या पोट्ट्याची बी नसन. पन मले या गावात राहाचं आहे. तिचं लग्न याच पट्ट्यात होनार आहे. लोक मले रस्त्यात थांबवून फोन दाखवून राहिले."

मी बोलायला लागलो. "भाऊ, चूक कोणाचीच नाही तर मग..." तू माझ्याकडे न बघता हात आडवा केलास. मी थांबलो.

"मले तुझ्या तोंडून ऐकाचं आहे," मोरेश्वरभाऊ तुला म्हणाले. "पोट्टे अन् पोरी एका टायमाले एका ग्राउंडवर नाही. हा शब्द देशील तं पोरगी येईन. तिच्या मांगं बाकीच्या येतीन. नाही तं नाही."

आत बाज करकरली. आचल उठून उभी राहिली असावी. दारामागून तिचा आवाज आला, "बाबा, मी..." आणि आईने तिला आत ओढलं.

तू जमिनीकडे बघत होतीस. मला वाटलं, आता ही उसळेल. मी वाटच बघत होतो.

"दिला शब्द," तू म्हणालीस. "पण माझंही एक आहे. सकाळची एसटी उशिरा येते. पोरी उजाडता उजाडता पवनीले पोचल्या पाहिजे. ते गावानं पाहाचं, पाळी लावून. पहिली पाळी तुमची."

मोरेश्वरभाऊंनी कप उचलला. "पोचवतो," म्हणाले.

परतताना तलावाच्या पाळीपाशी, बांधावर मी गाडी थांबवली. तुला आठवत असेल ते सगळं. मी तुला म्हटलं, तू हात टेकले.

"हो, टेकले."

"इतके दिवस पोरींले सांगितलं, यात वाईट काही नाही. अन् एका कप चहावर मान्य करून आली की वाईट होतं."

"मी चूक मान्य नाही केली, राजेश. वेळ वेगळी केली."

"एकच आहे ते. उद्या म्हणतीन हाफपॅन्ट नको. परवा म्हणतीन बाहेरगावी नको. मग काय करशील?"

"मग तेव्हाचं तेव्हा पाहीन. मले टीम पाहिजे. मुद्दा तू जिंक, मी मधात येत नाही."

"ती आत उभी होती, वंदना. ती बोलाले आली होती. तू तिच्या वतीनं एक शब्द बोलली नाही."

तू पाण्याकडे बघत राहिलीस. मग म्हणालीस, "गाडी काढ. पोरी वाट पाहून राहिल्या." त्या वेळी कोणीही वाट पाहत नव्हतं. पण मी गाडी काढली.

मजा बघ. सुरुवातीला नको म्हणणारा मी होतो आणि हट्ट धरणारी तू. महिनाभरात आपण जागा बदलल्या आणि दोघंही तितक्याच जोराने भांडत राहिलो.

कोंढ्याच्या मुली परत आल्या, सूज उतरल्यावर आचलही. नदीवरून धुकं येऊन ग्राउंडवर थांबलेलं असे तेव्हा मोटरसायकलींवरून एकेक बाप, एकेक भाऊ मुलींना सोडून जायला लागला. पूर्वी अर्धा तासही मिळायचा नाही, आता पोटभर सराव व्हायचा. हे मी तेव्हा बघितलं, पण तुझ्या खात्यावर मांडलं नाही. मी अजून रागात होतो. मुलं मात्र मी संध्याकाळच्या आधी ग्राउंडवर फिरकू दिली नाहीत. शब्द तुझा होता, पण मोडला असता तो माझ्या बाजूने, आणि तसं मला होऊ द्यायचं नव्हतं.

मोहाडीला मुली पहिला सामना जिंकल्या, दुसरा जिंकल्या. याआधी कधी त्या दुसऱ्या दिवसापर्यंत टिकल्याच नव्हत्या. उपांत्य सामना शेवटच्या सेटपर्यंत गेला. पलीकडे एक उंच मुलगी होती, हात लांब, मारायची ते थेट पाठीमागच्या कोपऱ्यात. आचल तिचे चेंडू उचलत राहिली. तू बाकावर बसली नाहीस, टाइमआउटला ओरडली नाहीस. नुसती मुलींच्या मधोमध जाऊन वाकून काहीतरी सांगायचीस आणि त्या माना हलवायच्या. मी कुंपणाशी उभा होतो. मोरेश्वरभाऊही आले होते. दूर निंबाखाली, कोणाशी न बोलता, डोक्याला दुपट्टा गुंडाळून उभे.

बरोबरी झाली. एक चेंडू आपल्याकडे, एक त्यांच्याकडे. मग त्या उंच मुलीने पूर्ण ताकदीने मारलं. आचल जागेवर होती, बरोबर जागेवर. पण तिच्या खांद्यात तो जुना दचका आला. अगदी जरासा. चेंडू हातावरून सरकून बाहेर गेला. पुढच्या सर्व्हिसला सामना संपला.

तिने रडून घेतलं तुझ्या कमरेला मिठी मारून. तू तिच्या पाठीवर थोपटत होतीस आणि माझ्याकडे बघत होतीस. मी काय म्हणणार ते तुला कळलं होतं.

"आता नको," तू म्हणालीस.

बसमध्ये मी म्हटलंच. संध्याकाळचा सराव चालू राहिला असता तर ती दचकली नसती. तू म्हणालीस, शब्द दिला नसता तर ती मोहाडीला आलीच नसती. दोघांचंही खरं होतं आणि त्यामुळेच ते मिटेना. मागे मुली झोपल्या होत्या, खिडकीतून ऊन येत होतं आणि आपण आवाज दाबून भांडत होतो. पवनी आली तेव्हा तू उतरताना म्हणालीस, "धान कापणीले आईकडे जातो आहे. आल्यावर बोलू." हे वाक्य मी नंतर फार वेळा ऐकलं, मनातल्या मनात.

कापणीतून तू ताप घेऊन आलीस. थकवा असेल, असं तुला वाटलं, आम्हा सगळ्यांनाच वाटलं. खेळाच्या धावपळीनंतर तुला दरवर्षीच ताप यायचा. भंडाऱ्याला नेईपर्यंत डोळे पिवळे झाले होते, आणि मग नागपूर. कापणीच्या दिवसांत गवतातला एक किडा चावतो, दिसतही नाही, असं डॉक्टरांनी तुझ्या यजमानांना सांगितलं. आधी आणलं असतं तर, असंही ते म्हणाले.

तू दवाखान्यातून एकदा फोन केलास. आवाज खोल गेला होता, पण विषय तोच.

"पुढच्या वर्षी आचलले कॅप्टन कर."

"मी कोण करणार? टीम तुझी आहे."

"तरी सांगून ठेवतो."

"मागच्या रांगेतली कॅप्टन? नेटपाशी निर्णय घ्यावे लागतात."

"मागून सगळं ग्राउंड दिसते, राजेश. पुढच्याले फक्त नेट दिसते." तू हसलीस, मग खोकलीस. "नर्स आली. सुई लावाची आहे. ठेवतो."

तुला अखेरचं कोंढ्याला आणलं, तुझ्या आईच्या दारात, आणि मग पवनीला सासरी. कोंढ्याला अंगण भरून माणसं होती. तुझ्या मुली एका बाजूला, भिंतीला टेकून उभ्या. मी मुलं शोधत होतो, दिसली नाहीत. मग कळलं, ती रस्त्यापलीकडे उभी आहेत, सगळीच्या सगळी, उन्हात. मी प्रज्वलला विचारलं, आत का नाही येत? तो म्हणाला, "सर, मॅडमनं शब्द दिला होता ना. पोरी आत आहेत." पवनीच्या घाटावर मुली नव्हत्या. तिथे तो आला आणि शेवटपर्यंत थांबला.

तिथून परतताना त्याने एक गोष्ट सांगितली, जी तू मला कधी सांगितली नाहीस. व्हिडिओनंतर तो टीम सोडणार होता. तू त्याला बस स्टँडवर गाठलंस. "मॅडम म्हणाल्या," तो सांगत होता, "तू आचलले उचललं नसतं, तं मी सरांले सांगून तुले टीममधून काढाले लावलं असतं. उद्या सरावाले ये." एवढंच बोलून तू निघून गेली होतीस. वंदना, तलावाच्या पाळीवर मी तुला नाही नाही ते बोलत होतो तेव्हा तू हे करून बसली होतीस का, की नंतर केलंस? आता कोणाला विचारू?

तेरवीनंतर प्राचार्यांनी मला बोलावलं. तुझी जागा यंदा भरणार नाहीत. दोन्ही टीम तुम्हीच बघा, म्हणाले. पण सकाळी माझे ज्युनिअर कॉलेजचे तास असतात, ते कोणी घ्यायला तयार नाही. माझ्याकडे फक्त संध्याकाळ. म्हणजे एक तर तुझा शब्द राहणार होता, नाही तर तुझी टीम.

मी एकटाच कोंढ्याला गेलो. धान निघून गेला होता, बांध्या रिकाम्या पडल्या होत्या. मोरेश्वरभाऊ त्याच अंगणात धान झोडून उरलेलं तणीस रचत होते. मला बघून काम थांबवलं नाही. या वेळी मनात काहीच जुळवलेलं नव्हतं. जे होतं ते सांगितलं, की सकाळ जमत नाही, संध्याकाळीच घ्यावं लागेल, मुलं तिथेच असतील. तुम्ही नाही म्हणालात तर टीम बंद होईल आणि मी तुम्हाला दोष देणार नाही.

ते तणशीच्या ढिगावरून खाली उतरले. अंग झटकलं.

"तो शब्द मी वंदनाले मागितला होता," ते म्हणाले. "तुमाले नाही."

याचा अर्थ मला लागेना.

"तुमी त्या दिवशी भांडाले आले होते. मले दिसलं. तुमी शब्द दिला असता तं मी ठेवला नसता भरोसा." त्यांनी दुपट्ट्याने मान पुसली. "तिनं दिला. मी म्हनलं, पाहू. पेंड घ्याले पवनीले याचो, तवा मुद्दाम ग्राउंडवरून गाडी काढाचो. कधी सकाळी, कधी संध्याकाळी. एक दिवस बी ते खोटी पडली नाही. मोहाडीले पोरगी हरली, तवा बी पाहात होतो. बाई हरली पन बोलली नाही, भाऊ तुमच्यापाई हरलो म्हनून."

बसमध्ये तुला जे ऐकवलं होतं ते सगळं मला आठवलं.

"ज्या बाईनं इतकं पाळलं, तिनं सुरू केलेलं वाईट कसं असन?" ते म्हणाले. "मलेच उशिरा समजलं. तिले सांगाचं राहून गेलं. पोरगी येईन संध्याकाळी. मी आनून देईन."

आचल दारात उभी होती. या वेळी तिला कोणी आत ओढलं नाही.

वंदना, मी अजूनही म्हणतो की त्या दिवशी आपण लढायला पाहिजे होतं. ती दारामागून बोलायला आली होती आणि तिला बोलू द्यायला पाहिजे होतं. यावर मी मागे हटणार नाही, आणि तू असतीस तर तूही हटली नसतीस. पण मी हजार शब्द बोलून जे मिळवलं नसतं ते तू एक शब्द पाळून मिळवलंस, हे मला त्या अंगणात कबूल करावं लागलं. तू समोर असतीस तर मी हे इतक्या सहज म्हटलं नसतं. तेवढं तरी तुझ्या जाण्याने सोपं झालं, आणि याचाच मला राग येतो.

काल संध्याकाळी दोन्ही टीम एकत्र आल्या. मोरेश्वरभाऊ आचलला सोडून परत गेले नाहीत. ग्राउंडच्या कडेला गाडी लावून तिच्यावरच बसून राहिले. रस्त्यावर दोघंतिघं थांबले होते, एकाच्या हातात फोन होता. मुलं बिचकली होती. प्रज्वल उडी मारायचा आणि चेंडू असा द्यायचा, जसं लहान लेकराच्या हातात फूल द्यावं. आचलने दोन चेंडू उचलले, तिसरा धरूनच ठेवला आणि नेटपाशी आली.

"सर, हे असंच मारतीन तं मी घरी जातो. मारा म्हना ना त्यायले."

प्रज्वल माझ्याकडे बघेना. तो कडेला मोटरसायकलीकडे बघत होता. रस्त्यावरचे लोकही तिकडेच बघत होते. तुझ्या जागी उभं राहून काय म्हणायचं ते मला सुचेना.

मोरेश्वरभाऊंनी दुपट्टा खांद्यावर टाकला.

"मार ना रे," ते बसल्या जागेवरून म्हणाले. "ते म्हनून राहिली ना, मार म्हनून."

प्रज्वलने मारलं. पूर्ण ताकदीने. आचल जागेवर होती, वंदना, आणि चेंडू सरळ वर गेला.